कोरोनाचा काटा आणि प्रतिद्रव्याची पकड

पोलादपूर तालुक्यातील एका वाचकांनी या सदराकडे पत्र पाठवून तीन प्रश्न विचारले आहेत. पहिला, २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत साठ हजार रुपयांच्या ज्या ‘कॉकटेल’ इंजेक्शनाची एवढी चर्चा होती, ते नेमके काय होते? दुसरा, ती लस होती की औषध? आणि तिसरा, ते इतके गुणकारी होते तर आज त्याचे नावही का ऐकू येत नाही?

प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत. त्या दिवसांत कित्येक घरांनी दागिने गहाण ठेवून अशा इंजेक्शनांचा शोध घेतला. पुढे पुन्हा एखादी साथ आली तर पैसा आणि वेळ कुठे खर्च करावा आणि कुठे करू नये, हे आधी समजलेले बरे. शिवाय हेच तत्त्व आपल्या गावात कुत्रा चावल्यावर रोज उपयोगी पडते आणि तिथे ते माहीत नसले तर माणूस जिवाला मुकतो. म्हणून आजचा लेखांक या विषयाला देत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ती लस नव्हती. ती तयार प्रतिद्रव्ये होती, म्हणजे दवाखान्यात आपण ज्यांना अँटीबॉडी म्हणतो ती. लस आणि प्रतिद्रव्य यांतला फरक शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर लस म्हणजे बियाणे आणि प्रतिद्रव्याचे इंजेक्शन म्हणजे आयता तांदूळ. बियाणे पेरले की पीक हाती यायला वेळ लागतो, पण पुढच्या पेरणीची सोय घरात राहते. आयता तांदूळ आजच शिजवता येतो, पण पोते रिकामे झाले की पुन्हा विकत आणावे लागते. बाहेरून दिलेली प्रतिद्रव्ये शरीरात हळूहळू झिजतात. साधारण तीन आठवड्यांत निम्मी उरतात, पुढच्या तीन आठवड्यांत त्याच्या निम्मी. शरीर स्वतः काही शिकलेले नसते.

महाडला परिचयाचे उदाहरण

आयती प्रतिद्रव्ये देऊन जीव वाचवणे ही गोष्ट महाडकरांना नवी नाही. आपल्याकडे लाल विंचवाचा दंश म्हणजे पूर्वी घरात रडारड असे. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, नाडी जोरात चालणे आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येणे, हा क्रम जुन्या लोकांनी पाहिलेला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली आपल्या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून बारकाईने नोंदी केल्या. १९८२ साली त्या ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या दंशावर वापरले. १९८३ पूर्वी पश्चिम भारतात गंभीर विंचूदंशाचे शेकडा पंचवीस ते तीस रुग्ण दगावत असल्याच्या नोंदी आहेत. प्राझोसिनमुळे हे प्रमाण खूपच खाली आले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच.

प्राझोसिन विषाला हात लावत नाही. विषामुळे आवळलेल्या रक्तवाहिन्या ते सैल करते. विष पकडण्याचे काम प्रतिविषाचे, म्हणजे घोड्याच्या रक्तापासून बनवलेल्या प्रतिद्रव्यांचे. महाडमध्येच ७० रुग्णांवर एक तुलनात्मक अभ्यास झाला आणि २०११ साली तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. ३५ जणांना नुसते प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनबरोबर मुंबईच्या हाफकिनचे प्रतिविष देण्यात आले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८ होते, दुसऱ्या गटात ३२.

या उदाहरणातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, विंचवाचे प्रतिविष विंचवाच्याच विषाला धरते. सर्पदंशाचे प्रतिविष तिथे चालत नाही. दोन, ते लवकर दिले तर उपयोग जास्त. तीन, विषाने जी हानी आधीच केली आहे ती प्रतिद्रव्य भरून काढत नाही. पुढे कोरोनाच्या बाबतीत जे घडले ते या तीन नियमांना धरूनच घडले.

प्रतिद्रव्य पकडते कसे?

प्रतिद्रव्य हे एक प्रथिन आहे. त्याचा आकार बेचकीसारखा असतो, खाली एक दांडा आणि वर दोन फांद्या. दोन्ही फांद्यांची टोके सारखीच असतात आणि पकडण्याचे काम या टोकांचे. प्रत्येक टोकाशी प्रथिनाची सहा छोटी वळणे बोटांसारखी पुढे आलेली असतात. दांडा सर्व प्रतिद्रव्यांत जवळपास सारखा असतो, पण ही सहा बोटे मात्र वेगवेगळी. कोणते प्रतिद्रव्य कशाला धरणार हे त्या बोटांच्या घडणीवर ठरते.

ही पकड म्हणजे डिंकाने चिकटवणे नव्हे. गवतातून चालताना धोतराला कुसळे चिकटतात, तसा हा प्रकार आहे. एकेक कुसळ अगदी हलके अडकलेले असते, पण शंभर कुसळे अडकली की कापड सोडवताना नाकी नऊ येतात. प्रतिद्रव्याच्या बोटांवर कुठे धन विद्युतभार असतो, समोरच्या पृष्ठभागावर त्याच जागी ऋण भार असला तर दोघे एकमेकांना ओढतात. कुठे हायड्रोजनचा अणू दोघांच्या मध्ये दुव्यासारखा बसतो. कुठे पाण्याला टाळणारे, तेलकट स्वभावाचे भाग एकमेकांना बिलगतात. आणि मुख्य म्हणजे उंचवट्यासमोर खोलगट आणि खोलगटासमोर उंचवटा असा मेळ जमतो. प्रत्येक ओढ किरकोळ, पण सगळ्या एकाच वेळी लागू झाल्या की सहजासहजी न सुटणारी पकड तयार होते. उलट त्यातल्या दोन-तीन महत्त्वाच्या जागा जरी बदलल्या तरी पकड ढिली पडते. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

कोरोनाचा काटा

कोरोना विषाणूच्या अंगावर काटे असतात, हे चित्र आपण वर्तमानपत्रांत असंख्य वेळा पाहिले. हा काटा शोभेचा नाही. तो विषाणूचा हात आहे. आपल्या नाकातील, फुप्फुसातील आणि आतड्यातील पेशींवर एसीई-२ नावाचे एक प्रथिन असते. रक्तदाबाच्या व्यवस्थेत त्याचे स्वतःचे काम आहे. विषाणूने मात्र त्याचा दाराच्या कडीसारखा उपयोग करून घेतला.

एक काटा तीन सारख्या प्रथिनांच्या पिळाने बनतो. प्रत्येक प्रथिन १२७३ अमिनो आम्लांची माळ असते. या माळेच्या ३१९ ते ५४१ या क्रमांकांच्या मण्यांचा मिळून जो भाग होतो, तो म्हणजे काट्याचा पंजा. पंजा कधी मिटून खाली बसलेला असतो, तर कधी वर उघडतो. उघडला की तो एसीई-२ ची कडी धरू शकतो. कडी धरली की पेशीवरची कात्रीसारखी प्रथिने काट्याला कापतात, काट्याच्या आतली कमान सुटते, विषाणूचे आवरण आणि पेशीचे आवरण एकमेकांत मिसळतात आणि विषाणूचा ऐवज पेशीत उतरतो. त्यानंतर पेशी आपली राहत नाही. ती विषाणूच्या प्रती काढू लागते.

काट्याची ही रचना अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी फेब्रुवारी २०२० मध्येच प्रसिद्ध केली होती. विषाणूची जनुकीय लिपी जाहीर होऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. काट्यावर साखरेच्या रेणूंचे जाड पांघरूण असते, म्हणून प्रतिद्रव्यांना त्याचा बराचसा भाग दिसतच नाही. पंजा मात्र कडी धरायची असल्यामुळे उघडा ठेवावा लागतो. विषाणूची ताकद जिथे आहे तिथेच त्याचे मर्म आहे. बहुतेक परिणामकारक प्रतिद्रव्ये या पंजालाच धरतात.

धरण्याचे प्रकार मुख्यतः तीन. काही प्रतिद्रव्ये पंजाच्या माथ्यावर, कडी जिथे बसणार नेमक्या त्याच जागी बसतात. कुलपाच्या भोकात आधीच मेण भरून ठेवावे, तसे. काही पंजाच्या कुशीवर बसतात. कडीची जागा मोकळी असते, पण मध्ये आडवा माणूस उभा राहिल्याने हात पोहोचत नाही. आणि काही पंजाला मिटलेल्या अवस्थेतच जखडून ठेवतात. याखेरीज प्रतिद्रव्याचा दांडा पांढऱ्या पेशींना खूण करून बोलावतो आणि त्या पेशी विषाणूचा फडशा पाडतात.

‘मोनोक्लोनल’ म्हणजे काय?

आपल्याला आजार होतो किंवा आपण लस घेतो, तेव्हा शरीर एका प्रकारची नव्हे तर नाना प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करते. काही उत्तम पकड घेणारी, काही जेमतेम, काही निरुपयोगी. प्रत्येक प्रकार पांढऱ्या पेशींच्या एकेका कुळातून येतो. घोड्याचे प्रतिविष असो वा बऱ्या झालेल्या माणसाचा रक्तद्रव, त्यात अशी सरमिसळ असते. यांतील एकच उत्तम पेशी निवडून तिच्या वंशाकडून एकाच साच्याची प्रतिद्रव्ये बनवून घेतली, तर त्यांना मोनोक्लोनल प्रतिद्रव्ये म्हणतात. निवडलेल्या एकाच भाताच्या लोंबीपासून सगळे वाफे धरावेत, तसा हा प्रकार.

ही युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सेझर मिलस्टाईन यांनी साध्य केली. १९८४ साली त्यांना नील्स येर्ने यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. सुरुवातीची प्रतिद्रव्ये उंदराची होती. माणसाचे शरीर त्यांना परके समजून त्यांच्यावरच उलटत असे. म्हणून मानवी प्रतिद्रव्ये मिळवण्याचे मार्ग शोधण्यात आले. एक मार्ग, आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातून योग्य पेशी वेचणे. त्यासाठी विषाणूच्या काट्याचाच गळासारखा उपयोग करतात. जी पेशी गळाला लागेल ती आपली. दुसरा मार्ग, ज्या उंदरांत मानवी प्रतिद्रव्यांची जनुके घातलेली आहेत त्यांच्यापासून ती मिळवणे. पेशी सापडली की तिच्यातील प्रतिद्रव्याचे जनुक वाचून ते कारखान्यात वाढवलेल्या पेशींत घालतात आणि मोठ्या टाक्यांत प्रतिद्रव्याचे पीक काढतात. ना घोडा लागत, ना रक्तदाता.

वाचकांना वाटेल, ही सारी परदेशी प्रयोगशाळांतील गोष्ट. तसे नाही. कोविडच्या ज्या झटपट तपासणीच्या पट्टीवर आपण लाल रेघ उमटण्याची वाट पाहत होतो, ती रेघ मोनोक्लोनल प्रतिद्रव्यांमुळेच उमटते. फरक एवढाच की त्या पट्ट्या बहुधा काट्याला नव्हे तर विषाणूच्या आतील एका प्रथिनाला धरतात. पुण्याच्या मायलॅब कंपनीची घरी करायची अशी पट्टी मे २०२१ मध्ये मान्य झाली होती. दिवस गेले की नाही हे पाहण्याची औषधाच्या दुकानातली पट्टीही याच जातीची.

साठ हजारांचे कॉकटेल

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. कॅसिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅब या दोन मानवी मोनोक्लोनल प्रतिद्रव्यांचे मिश्रण म्हणजे ते कॉकटेल. एकाचा उगम बऱ्या झालेल्या रुग्णाच्या पेशीत, दुसऱ्याचा मानवी जनुके घातलेल्या उंदरात. पहिले पंजाच्या माथ्यावर बसते, दुसरे कुशीवर. दोघांच्या जागा वेगळ्या असल्याने ती एकाच वेळी बसू शकतात. दोन घेण्याचे कारण असे, की विषाणूने एक जागा बदलली तरी दुसरे प्रतिद्रव्य पकड ठेवील. भारतात मे २०२१ मध्ये त्याला आणीबाणीचा परवाना मिळाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ते बाजारात आले. एका रुग्णाची मात्रा १२०० मिलिग्रॅम आणि किंमत ५९,७५० रुपये.

त्याचा उपयोग होता काय? होता, पण वेळेवर दिले तर. ज्यांना आजार सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, जे रुग्णालयात दाखल नव्हते, पण वय, मधुमेह, लठ्ठपणा अशा कारणांनी ज्यांना धोका जास्त होता, अशांवरील परदेशी चाचणीत याच मात्रेने रुग्णालयात जावे लागणाऱ्यांचे किंवा दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात तीनवरून एकावर आले. याउलट ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या ९,७८५ रुग्णांवर ८ ग्रॅम इतकी मोठी मात्रा वापरून चाचणी झाली. ज्यांच्या शरीराने स्वतःची प्रतिद्रव्ये अजून बनवली नव्हती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण शंभरात तीसवरून चोवीसवर आले. ज्यांच्या शरीरात ती आधीच बनली होती, त्यांना काहीही फायदा झाला नाही.

याचा अर्थ सरळ आहे. प्रतिद्रव्य दाराबाहेर चोराला अडवते. चोर घरात शिरून सामानाची नासधूस करून गेल्यावर दाराला कितीही कुलपे लावली तरी काय उपयोग? कोविडमध्ये आठव्या-दहाव्या दिवशी रुग्ण धापा टाकू लागतो, तेव्हा विषाणूचा जोर बहुधा ओसरू लागलेला असतो आणि फुप्फुसातली सूज हा मुख्य शत्रू असतो. त्या वेळी प्राणवायू आणि डेक्सामेथासोनसारखे अगदी स्वस्त औषध जास्त कामाचे.

दुसऱ्या लाटेत माझ्याकडे एक कुटुंब आले होते. वडील नवव्या दिवशी प्राणवायूवर होते आणि मुलगे कॉकटेलसाठी रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा विकायला निघाले होते. मी त्यांना कागदावर दार आणि चोर यांचे चित्र काढून वरील गोष्ट समजावली. थोरला मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, उद्या लोक म्हणतील, बापासाठी पैसा सोडवला नाही.” हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नव्हता, पण खरा होता. मी त्यांना म्हटले, “लोकांना माझे नाव सांगा.” जमीन राहिली. वडील तीन आठवड्यांनी घरी आले. कोणत्या एका उपायाने ते वाचले, असे मी म्हणणार नाही. पण त्या इंजेक्शनाने त्या दिवशी फरक पडण्याची शक्यता कमी होती, एवढे सांगता येते.

बऱ्या झालेल्या रुग्णांचा रक्तद्रव, म्हणजेच प्लाझ्मा देण्याचा प्रकारही त्या काळात गाजला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की आजार वाढणे किंवा मृत्यू त्याने टळत नाही. तरीही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नातेवाईक प्लाझ्मासाठी वणवण फिरत होते. मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारी सूचनांतून वगळण्यात आला. प्लाझ्मात प्रतिद्रव्यांची सरमिसळ असते, त्यांतली कामाची किती याचा नेम नसतो आणि तो दिला जात होता तो बहुधा उशिरा.

कॉकटेल निकामी का झाले?

दुसऱ्या लाटेतील डेल्टा प्रकारावर हे कॉकटेल चालत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने ओमायक्रॉन आला. त्याच्या काट्यात तीसपेक्षा जास्त बदल होते आणि त्यांपैकी पंधरा एकट्या पंजात. माळेतील ४८४ व्या जागी ऋण भार असलेले अमिनो आम्ल होते, तिथे भार नसलेले आले. ४१७ व्या जागचा धन भारही गेला. कॅसिरिव्हिमॅबची बोटे ज्या जागांवर टेकत होती त्यांतल्याच या जागा. ४४६ व्या जागी अगदी लहान मण्याऐवजी जरा मोठा मणी आला आणि इमडेव्हिमॅबला बसायला अडचण झाली. कुसळे गळून पडली, पकड सुटली. एकाने चुकले तर दुसरे धरील ही योजना चांगली होती, पण विषाणूने दोन्ही जागा एकाच वेळी बदलल्या. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेने ओमायक्रॉनच्या फैलावामुळे त्याचा वापर थांबवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते न वापरण्याचा सल्ला दिला.

सोट्रोव्हिमॅब नावाच्या आणखी एका प्रतिद्रव्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचे मूळ २००३ सालच्या सार्स आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात आहे. त्याची बोटे पंजावरील अशा जागी बसत, जी जुन्या आणि नव्या दोन्ही विषाणूंत जवळपास सारखी होती. म्हणून पहिल्या ओमायक्रॉनपुढेही ते टिकले. पण काही महिन्यांतच आलेल्या पुढच्या उपप्रकारावर त्याचाही जोर कमी पडला आणि एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने त्याचा वापर थांबवला.

मग लस घेतलेल्यांचे संरक्षण पूर्ण का गेले नाही? कारण लसीनंतर शरीर एकच साचा बनवत नाही, शेकडो बनवते. त्यांतले काही निकामी झाले तरी काही उरतात. शिवाय विषाणू शिरलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची वेगळी फळी असते. एकच साचा ही मोनोक्लोनलची ताकद आहे आणि तीच त्याची उणीवही आहे.

कुत्रा चावल्यास हेच ज्ञान

आता आजच्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. रेबीजचा विषाणू कोरोनासारखा चटकन रूप बदलणारा नाही. त्यामुळे त्याच्याविरुद्धचे मोनोक्लोनल प्रतिद्रव्य आजही खणखणीत चालते आणि ते आपल्या महाराष्ट्रात बनते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केलेले हे मानवी प्रतिद्रव्य २०१७ पासून आपल्या देशात उपलब्ध आहे. रेबीजच्या विषाणूच्या अंगावरही एक प्रथिन असते आणि त्याच्या साहाय्याने तो मज्जातंतूला चिकटतो. प्रतिद्रव्य त्या प्रथिनाला धरते आणि विषाणूला मज्जातंतूत शिरू देत नाही. अहमदाबादच्या एका कंपनीने दोन प्रतिद्रव्यांचे मिश्रणही काढले आहे. कारण तेच, एक सुटले तर दुसरे धरील.

आपल्याकडे लोकांचा असा समज आहे, की कुत्रा चावला की लसीची इंजेक्शने घेतली म्हणजे झाले. जखम खोल असेल तर एवढे पुरत नाही. लस हे बियाणे आहे. पीक यायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर विषाणू जखमेतल्या मज्जातंतूत शिरला तर? एकदा रेबीजची लक्षणे सुरू झाली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. म्हणून मधल्या दिवसांसाठी आयता तांदूळ लागतो. रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, तसेच तुटलेल्या कातडीवर, डोळ्यात अथवा तोंडात गेलेली लाळ, या सर्वांत लसीबरोबरच प्रतिद्रव्याचे इंजेक्शन द्यावे लागते. ते दंडावर नव्हे तर जखमेत आणि जखमेच्या भोवती टोचतात, कारण चोर जिथून शिरणार तिथेच पहारा हवा. चेहरा, डोके, मान आणि हाताची बोटे इथल्या चाव्यात तर एक दिवसही दवडू नये.

हे प्रतिद्रव्य घोड्यापासूनचे असो, माणसाच्या रक्तापासूनचे असो किंवा मोनोक्लोनल असो, काम तेच. जे वेळेवर मिळेल ते घ्यावे. महागाच्या शोधात स्वस्ताची वेळ दवडू नये.

ध्यानात ठेवा

१. चावलेली जखम ताबडतोब साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. त्यावर चुना, मिरची, हळद किंवा तेल लावू नये.

२. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लस तिथे विनामूल्य मिळते. दंडात घेतल्यास ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी असते. कातडीत टोचण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची गरज नसते. पुढच्या तारखा चुकवू नयेत.

३. रक्त आले असेल तर “जखमेत द्यायचे इंजेक्शन मिळेल का?” असे स्वतःहून विचारावे. तिथे नसेल तर कुठे मिळेल ते विचारून लगेच निघावे. काही कारणाने पहिल्या दिवशी मिळाले नाही, तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंत ते देता येते.

४. विंचू चावून घाम, उलट्या सुरू झाल्या तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

५. पुढे एखाद्या साथीत नवे प्रतिद्रव्य आले तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. आता जो विषाणू फिरतो आहे त्याला हे धरते का? आणि आमचा रुग्ण ते देण्याच्या मुदतीत आहे का? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तरच खर्चाचा विचार करावा. एक जरी ‘नाही’ आले, तर घरातले सोने घरातच राहू द्यावे.

पुढील लेखांकात पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसविषयी पाहू. भाताच्या चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाने तो जरूर वाचावा.